काकपद

गल्ली नंबर चारमध्ये जिथे आमचं दैनिक होतं
तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.
यंत्र किलोवर गेलं.
शेवटी शेवटी अंकात निधनवार्ताच उरल्या होत्या,
त्यांचे पैसे रोख यायचे.
मग माणसं फोनवरच वारू लागली
आणि मालकांनी कुलूप लावलं.

एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
लोकांना बातमी दिसायची, मला वेलांटी.
आख्खं धुळं रात्री ओट्यावर अहिराणी बोलायचं
आणि सकाळी दारात पडायचं ते पुणेरी.
मधे मी, लाल पेन्सिल घेऊन.
'माले'चं 'मला', 'व्हतं'चं 'होतं'.
पगार त्याचाच.

कौतिक शिंपी आमचा जुळारी.
त्याची नात आता लिहिते.
नाव जागृती, एखाद्या साप्ताहिकाला शोभेल असं.
दिवसभर देवपुरात लोकांचं रक्त काढते,
रात्री स्वतःच्या ब्लॉगवर, सगळं अहिराणीत.
तिला स्तंभाची रुंदी नाही, संपादक नाही,
मी नाही.
'आठ दिन व्हई ग्यात, नळले पानी नई'
एवढ्यावर थांबत नाही ती,
कुणाचा हंडा कितवा होता तेही सांगते.

एकदा पांझरेच्या पुराचं साल तिने चुकवलं.
मी फोन केला. मिनिटात दुरुस्त.
आमची चूक निदान दुसऱ्या दिवशी
आतल्या पानावर दिलगिरी होऊन यायची.
हिची कुठे गेली, माग नाही.
मला ते आवडलं नाही, तसं बोललोही.
म्हणाली, "बाबा, तुम्हीन ज्या काढ्यात
त्या चुका कोठे शेतस?"

काल तिने आजोबांवर लिहिलं.
खाली एक फोटो:
हळदीचा डबा, आणि त्यात
सुतळीने बांधलेल्या शिशाच्या चार ओळी.

उलटी अक्षरं. मला ती सुलटीइतकीच वाचता येतात.
साल आठवलं. कान नदीचा पूर.
साक्रीहून हिंमत ठेलारीने एसटीच्या कंडक्टरकडे
पाकीट दिलेलं, कडा ओल्या.
कुणी म्हातारी त्याला म्हणाली होती,
मन्या बकऱ्या वाही ग्यात, नावे सांगू का?
आणि त्या पठ्ठ्याने खरंच सगळी नावं लिहून पाठवली.
कौतिकने जुळवलीही, खिळा खिळा वेचून.
माझ्यापुढे मुद्रित आलं रात्री सव्वाअकराला.
मी 'पुरात तेरा शेळ्या दगावल्या' एवढं ठेवलं
आणि बाकीच्यावर आडवी रेघ.
टाइप परत खणात टाकायचा असतो.
कौतिकने टाकला नाही.
घरी नेला. मला बोलला नाही कधी,
रोज माझ्याच डब्यातलं लोणचं खायचा.

बांडी. कवळी. भुरी. मोरकानी.
सुपडी. धाकली भुरी...
मोजली. बारा.
पुन्हा मोजली, सवयीने मागून पुढे.
बारा.

म्हणजे एक त्याच्या हातून सुटलं.
मूळ प्रतीशी ताडून बघणं माझं काम होतं.
मी न ताडताच सगळ्यावर रेघ मारली,
फक्त तेराचा आकडा राहू दिला,
आकड्यात व्याकरणाची चूक नसते म्हणून.

म्हातारी गेली असणार. हिंमत गेला.
प्रत तर त्याच आठवड्यात रद्दीत.
जागृतीला अजून फोन केलेला नाही.

राहिलेल्या शब्दाच्या जागी आम्ही काकपद करायचो:
दोन तिरक्या रेघा, टोकाशी जुळलेल्या,
कावळा ओल्यात उभा राहून गेल्यासारख्या.
कुठे राहिलं ते मला माहीत नाही.
म्हणून नखाने प्रत्येक दोन नावांच्या मधे करून पाहतो.
काचेवर काही उमटत नाही.
नुसता फोटो मोठा होतो,
लहान होतो.